एका शहराचा वाद्यवृंद



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही किमान वेतनावर किंवा कामगार कायद्यांवर बोलू. आमचा जन्म त्यातच गेला आहे. पण आम्ही विषय कळवला तो 'बर्मिंगहॅम शहराचा वाद्यवृंद' असा. त्यावर चालकांनी विचारले की, विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना? चूक झालेली नाही. हा विषय किमान वेतनाचाच आहे, हे तासाभरात आपल्याला पटवता आले तर आम्ही कृतार्थ होऊ.

प्रारंभीच एक कबुली देतो. आम्ही संगीतज्ञ नव्हे. शाळा सातवीत सुटली, पंधराव्या वर्षी मागावर उभे राहिलो, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा सुरातालाची चूकभूल जाणकारांनी पोटात घालावी. हिशेबात मात्र आमची चूक सापडणार नाही, कारण पगाराचा हिशेब हेच आमचे वाद्य आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याला एक प्रसंग कारण झाला. काही वर्षांपूर्वी लग्नाच्या बँडमधले चारपाच वादक आमच्या युनियनच्या कचेरीत आले. त्यांत एक क्लॅरिनेट वाजवणारे वयस्कर गृहस्थ होते. लग्नसराईचे चार महिने सुपाऱ्या मिळतात, बाकीचे आठ महिने हमाली करावी लागते, मालक इसार घेतो आणि आमच्या हातावर उरलेसुरले ठेवतो, अशी त्यांची तक्रार. तक्रार ओळखीचीच होती. पण जाताना त्या गृहस्थांनी एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "साहेब, आम्ही कामगार की कलावंत? मालक पगार मागितला की म्हणतो, तुम्ही कलावंत. आणि मान मागितला की म्हणतो, तुम्ही कामगार." आम्हांला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता आम्ही इंग्लंडातल्या एका लोखंडकामाच्या शहरी जाऊन पोहोचलो, अर्थात पुस्तकांतून.

आता सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्याकडे मैफल म्हणजे एक गवई, त्याच्यामागे तानपुरा, शेजारी तबला आणि पेटी. तिकडे या वृंदात सत्तर-ऐंशी, कधी नव्वद माणसे बसतात. पुढे व्हायोलिने, व्हायोला, चेलो, डबल बास ही तंतुवाद्ये. त्यामागे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून. त्यामागे हॉर्न, ट्रंपेट, ट्रॉम्बोन ही पितळी वाद्ये. आणि शेवटी नगारे व झांजा. प्रत्येकाच्या पुढे स्वरलिपीचा कागद. कोणी आपल्या मनची तान घ्यायची नाही. पंधरा व्हायोलिनवाले एकच सूर, एकाच क्षणी, गज एकाच दिशेने ओढून वाजवतात. झांजवाला पाऊण तास माप मोजीत बसतो आणि एकदाच उठून झांज मारतो. पण ती अर्ध्या क्षणाने चुकली तर नव्वद माणसांचे काम वाया. समोर हातात काठी घेऊन उभा असतो तो कंडक्टर. एस. टी.च्या कंडक्टरप्रमाणे तोही स्वतः गाडी चालवीत नाही, पण त्याने घंटी दिल्याशिवाय गाडी हलत नाही!

गिरणी ज्याने पाहिली आहे त्याला हे चित्र परके वाटणार नाही. पिंजण, सूत, बाबीन, माग अशी खाती असतात, आणि एका खात्याचे चुकले की ठाणात दोष उतरतो. नव्वद जणांचे हे सामुदायिक कसब आहे. आणि म्हणूनच नव्वद जणांच्या पगाराचा प्रश्न आहे. संगीताच्या पुस्तकांत हा प्रश्न शेवटच्या पानावर येतो. आम्ही तो पहिल्या पानावर घेतो.

बर्मिंगहॅम हे इंग्लंडच्या मध्यभागातले शहर. बटणे, टाक, पिस्तुले, पितळी सामान, पुढे मोटारी. हजार धंद्यांचे शहर असे त्याला म्हणत. छोट्या छोट्या कारखान्यांचे ते गाव. तेथे १८३४ साली टाउन हॉल उघडला आणि त्यात दर तीन वर्षांनी मोठा संगीतोत्सव होई. त्याचे उत्पन्न गावच्या इस्पितळाला जाई. मेंडेल्सोनची 'एलायजा' ही रचना १८४६ साली तेथेच प्रथम सादर झाली; एल्गारची 'ड्रीम ऑफ जेरॉन्शियस' १९०० साली तेथेच झाली, आणि तालमी अपुऱ्या पडल्याने ती फसली. ही फसगत लक्षात ठेवण्याजोगी आहे. उत्सवाला वादक बाहेरून यायचे, चार दिवस वाजवून जायचे. गावाचा असा वृंद नव्हता. उत्सव मोठा, पण बारमाही काम नाही. आमच्या क्लॅरिनेटवाल्यांची लग्नसराईच ती, फक्त तीन वर्षांनी येणारी!

वादकांची स्थिती त्या काळी सर्व देशात अशीच होती. नाटकगृहाच्या खड्ड्यात बसून वाजवायचे, हंगाम संपला की घरी बसायचे, तालमीचे पैसे बहुधा नाहीतच. १८९३ साली मँचेस्टरमध्ये जोसेफ विल्यम्स नावाच्या एका क्लॅरिनेटवादकाने वादकांची संघटना काढली. तेव्हा त्याचे वय वीस-एकवीस. पुढे १९२१ साली तिचेच रूपांतर आजच्या म्युझिशियन्स युनियनमध्ये झाले. 'कामगार की कलावंत' हा प्रश्न तेथेही विचारला गेला होता. बडे वादक म्हणत, आम्ही कलावंत, आम्हांला संघटना कशाला? विल्यम्सची संघटना मात्र वाजवून पोट भरणाऱ्या कोणालाही आत घेई. क्लॅरिनेटवाल्याच्या प्रश्नाला क्लॅरिनेटवाल्यानेच उत्तर देऊन ठेवले होते, आणि आम्ही ते सव्वाशे वर्षांनी वाचत होतो.

आता बर्मिंगहॅमचा वृंद. पहिले महायुद्ध चालू असताना तेथे लॉर्ड मेयर होते नेव्हिल चेंबरलेन. तेच पुढे पंतप्रधान झाले आणि म्युनिकच्या करारामुळे बदनाम झाले. या गृहस्थांनी १९१६ च्या सुमारास अशी सूचना केली की, शहराचा स्वतःचा वाद्यवृंद असावा आणि त्याला घरपट्टीतून मदत मिळावी. युद्ध संपल्यावर ते घडले. वर्षाला १,२५० पौंड शहराने मंजूर केले. १९२० च्या सप्टेंबरात अॅपलबी मॅथ्यूज यांच्या हाताखाली पहिली मैफल झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात टाउन हॉलमध्ये एल्गार स्वतः आपल्या रचना घेऊन उभे राहिले. याच्या आधी बोर्नमथ या समुद्रकाठच्या गावी १८९३ पासून नगरपालिकेचा वृंद होता. पण तो हवा खायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी होता. बर्मिंगहॅमला हवा खायला कोण जाणार? तेथला वृंद गावच्या माणसांसाठीच होता.

परंतु १,२५० पौंडांत सत्तर माणसांचे वर्ष निघत नाही. वादकांना काम होते ते फक्त हिवाळ्याच्या हंगामात. उरलेले महिने ते समुद्रकाठच्या बँडांत, हॉटेलांत, मूकपटांच्या चित्रगृहांत वाजवीत. १९२९-३० च्या सुमारास बोलपट आले आणि ही चित्रगृहांतली भाकरीही गेली. १९२४ ते १९३० एड्रियन बोल्ट आणि त्यानंतर लेस्ली हेवर्ड यांनी वृंदाला वळण लावले. हेवर्ड क्षयाने १९४३ साली गेले, ऐन युद्धात. वृंद मोडतो की राहतो असा तो काळ.

बंधुभगिनींनो, आमच्या मते या सगळ्या इतिहासातली खरी कलाटणी येथे आहे. १९४४ साली वृंदातले वादक बारमाही, पूर्ण पगारी झाले. हे कशामुळे झाले? एखाद्या धनिकाच्या देणगीमुळे नव्हे. शहराच्या शिक्षण समितीने पैसा दिला, आणि बदल्यात वृंदाने वर्षातले ठराविक दिवस शाळांतल्या मुलांसाठी वाजवायचे असे ठरले. करार साधा होता, पण त्यात केवढे तत्त्व आहे पाहा. वादकाला जो पैसा मिळतो तो बिदागी नव्हे, तो पगार आहे. कारण तो शाळेतल्या मास्तरांप्रमाणे शहराचे काम करतो. आणि ज्या कामगाराच्या घरपट्टीतून हा पैसा आला त्याची पोर टाउन हॉलमध्ये येऊन बसणार आहे. १९४८ साली या वृंदाच्या नावात 'सिम्फनी' हा शब्द आला. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून नगरपालिकांना करमणूक व कला यांवर घरपट्टीच्या दर पौंडामागे सहा पेन्सपर्यंत खर्च करण्याची मुभा दिली. एका पौंडाचे तेव्हा २४० पेन्स होत. म्हणजे चाळिसावा हिस्सा. रस्ते, गटारे, दिवे यांच्या यादीत सूर हा शब्दही बसला.

आता कोणी विचारील की, वृंदाला सरकारी पैसा लागतोच कशाला? तिकिटे विकावी आणि चालवावे. याचे उत्तर हिशेबात आहे. आम्ही मागावर काम केले आहे. साध्या मागावर एक विणकर दोन माग, फार तर चार माग सांभाळी; स्वयंचलित माग आल्यावर तोच माणूस कितीतरी जास्त माग सांभाळू लागला. माणशी कापड वाढले, म्हणून पगार वाढवायला निदान जागा झाली; मालकाने तो वाढवला की नाही ही गोष्ट वेगळी. पण बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी १८०८ साली वाजली तेव्हा तिला जितकी माणसे आणि जितका वेळ लागला, जवळजवळ तितकीच माणसे आणि तितकाच वेळ आजही लागतो. अर्ध्या माणसांत ती होत नाही आणि दुप्पट वेगाने वाजवून चालत नाही. बाहेरच्या जगात पगार वाढत जातात, तसे वादकाचेही वाढले पाहिजेत, नाही तर कोणी वादक होणार नाही. पण वादकाचे 'उत्पादन' वाढत नाही. म्हणून तिकिटाच्या पैशात आणि खर्चात दरवर्षी खड्डा पडणारच. बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली हा सिद्धांत ग्रंथ लिहून मांडला. शाळेचे तसेच, इस्पितळाचे तसेच. शिक्षक एका वेळी चारशे पोरे शिकवू शकत नाही म्हणून आपण शाळा बंद करीत नाही.

या बारमाही नोकरीची फळे पुढे दिसू लागली. युद्धात बाँब पडून शेजारच्या कॉव्हेंट्री शहराचे कथीड्रल १९४० साली बेचिराख झाले होते. नवे बांधून झाल्यावर १९६२ साली तेथे बेंजामिन ब्रिटन यांची 'वॉर रिक्वीम' ही युद्धविरोधी रचना प्रथम वाजवली ती बर्मिंगहॅमच्या वृंदाने. १९७० च्या दशकात गायकांचा वृंद जोडला गेला. त्यातले गायक हौशी, बिनपगारी; दिवसा आपापल्या नोकऱ्या करून संध्याकाळी तालमीला येणारे. १९८० साली सायमन रॅटल या पंचविशीतल्या तरुणाला वृंदाच्या प्रमुखपदी बसवले. हा मुलगा लिव्हरपूलचा. लहानपणी तेथल्या मुलांच्या वृंदात तालवाद्ये वाजवून तयार झालेला. म्हणजे एका शहराने मुलांसाठी पेरले ते दुसऱ्या शहराने कापले. रॅटल अठरा वर्षे राहिले. त्यांच्या काळात वृंदाचे नाव युरोपभर झाले, आणि १९९१ साली शहराने सिम्फनी हॉल बांधून दिला. दोन हजारांहून अधिक खुर्च्यांचा, ध्वनीसाठी जगभर वाखाणला गेलेला. हे लक्षात घ्या की, ऐंशीच्या दशकात त्या शहराचे कारखाने धडाधड बंद पडत होते. आपल्याकडे गिरणगाव उजाड झाले त्याच काळातली ही गोष्ट. गिरण्यांच्या जागी आपण काय बांधले ते आपण जाणताच.

शिक्षणाचे काम या काळात थांबले नाही, उलट रुंदावले. पूर्वी मुले बसगाड्यांत भरून मैफलीला आणीत; आता वादकही लहान लहान गटांनी शाळेत जाऊ लागले. दुरून पाहिलेली ट्रंपेट आणि हातात घेऊन फुंकलेली ट्रंपेट यांत फरक आहे. पहिल्यांदा नुसती हवा येते, मग एक ओंगळ आवाज येतो, सगळा वर्ग हसतो, आणि त्या पोराच्या लक्षात येते की हा आवाज आपण काढला! शिक्षणाची सुरुवात तेथे होते. २००४ साली या भागातला जुना युवक-वृंद बर्मिंगहॅमच्या वृंदाने आपल्या पंखाखाली घेतला. आणि २०२३ च्या सप्टेंबरात जवळच्या वेस्ट ब्रॉमिच या कामगारवस्तीच्या गावी एक माध्यमिक शाळा उघडली, जी या वृंदाच्या सहकार्याने चालते. शाळा सरकारी, फी नाही, आणि प्रवेशाला संगीताची परीक्षा नाही. ही शेवटची अट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. ज्याला वाजवता येते त्याला शिकवण्यात विशेष काय?

आता कथेच्या कडू भागाकडे येतो. ती शाळा उघडली त्याच महिन्यात, ५ सप्टेंबर २०२३ रोजी, बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने आपली तिजोरी रिकामी झाल्याची नोटीस काढली. मार्च २०२४ च्या अंदाजपत्रकात ठरले की, वृंदासह शहरातल्या मोठ्या कलासंस्थांचे अनुदान पहिल्या वर्षी निम्मे आणि दुसऱ्या वर्षी शून्य. १९२० साली सुरू झालेले घरपट्टीचे नाते एकशेपाच वर्षांनी तुटले. केंद्राच्या कलामंडळाचे अनुदान आणि देणग्या यांवर वृंद चालू आहे. पण शहराच्या तिजोरीतून त्याला पै मिळत नाही.

तिजोरी रिकामी का झाली? कारणे अनेक. वरच्या सरकारने २०१० नंतर अनुदाने कापली. हिशेबाची नवी संगणकयंत्रणा एकोणीस दशलक्ष पौंडांत होणार होती, ती शंभराच्या घरात गेली. आणि तिसरे कारण आम्हां कामगारांच्या काळजाला हात घालणारे आहे. नगरपालिकेत स्वयंपाकीण, सफाईवाल्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बाया होत्या. आणि त्याच श्रेणीचे कचरा उचलणारे, रस्ते करणारे पुरुष होते. पुरुषांना बोनस, बायकांना नाही. बाया कोर्टात गेल्या, २०१२ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. त्यानंतर नगरपालिकेला एक अब्ज पौंडांहून अधिक थकबाकी द्यावी लागली, आणि २०२३ साली आणखी साडेसहाशे ते सातशे साठ दशलक्षांचा बोजा असल्याचे तिने जाहीर केले. हा आकडा फुगवलेला आहे अशी टीकाही पुढे झाली.

येथे लगेच कोणी म्हणेल, पाहा, बायांनी पगार मागितला आणि सारंगी बंद पडली! आम्ही हे अजिबात मान्य करीत नाही. त्या बायांनी नवे काही मागितले नाही. त्यांचे वर्षानुवर्षे दाबून ठेवलेले होते तेच मागितले. इतकी वर्षे शहराचे अंदाजपत्रक जुळत होते ते कोणाच्या खिशातून, हेच त्या निकालाने उघड केले. आणि येथे आम्हांला आमच्या घरातली गोष्टही बोलली पाहिजे. इंग्लंडातल्या नगरपालिकांत पुरुषांच्या बोनसचे असे करार झाले तेव्हा पुष्कळ ठिकाणी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कामगार संघटनाच बसल्या होत्या. बहुतेक पुढारी पुरुष. त्यांना त्यात वावगे दिसले नाही. आम्हीही तीस वर्षे करारांवर सह्या करीत आलो आहोत, आणि त्यांतल्या काही करारांत बाबीन भरणाऱ्या बायांचा दर कोणत्या रकान्यात पडला, हे आठवले की आम्हांला खाली पाहावे लागते. वाद्यवृंदांचेही हात स्वच्छ नाहीत. मँचेस्टरच्या हॅले वृंदाने १९२० साली आपल्या स्त्री-वादकांना काढून टाकले होते. बर्मिंगहॅमच्या वृंदाचे प्रमुखपद एका स्त्रीकडे, मिर्गा ग्राझिनिते-तिला यांच्याकडे, यायला २०१६ साल उजाडावे लागले.

तेव्हा स्वयंपाकिणीचा पगार की व्हायोलिनवाल्याचा पगार, असा प्रश्न जो विचारतो तो दोघांनाही फसवतो. १९४४ च्या करारात याचे उत्तर आहे. त्या स्वयंपाकिणीची मुलगी ज्या शाळेत जाते त्या शाळेत व्हायोलिनवाला जात असेल, तर दोघेही एकाच शहराचे नोकर आहेत. आणि जात नसेल, मैफलीला फक्त मोटारवालेच येत असतील, तर मात्र घरपट्टी मागण्याचा त्याचा हक्क दुबळा होतो, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. वृंदाची मुळे टाउन हॉलच्या फरशीत नसतात, शाळेच्या वर्गात असतात.

आपल्याकडे काय झाले? मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात वाजवणारे बरेचसे गोमंतकातले. चर्चच्या पॅरिश शाळांत स्वरलिपी शिकलेले. मेहता पुढे १९५० च्या दशकात वर सांगितलेल्या त्याच हॅले वृंदात नोकरीला गेले, आणि त्यांचे चिरंजीव झुबिन जगात नावाजले. मुंबईचा तो वृंद मात्र टिकला नाही. गुणी माणसे होती, रसिक होते; बारमाही पगार नव्हता. ते गोमंतकीय वादक सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत गेले, आणि तेथेही पुढे यंत्राच्या पेटीने शंभर व्हायोलिनांची जागा घेतली. २००६ साली मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया निघाला तेव्हा बरेच वादक परदेशातून आणावे लागले. आता तेथे मुलांना शिकवण्याचे काम चालू आहे, ही चांगली गोष्ट आहे. गोमंतकात दीडदोन पिढ्यांपूर्वी गावच्या शाळेत जे फुकट पिकत होते ते आता बाहेरून आणावे लागते.

आम्ही असे म्हणत नाही की, आपल्या गावाने उद्या नव्वद व्हायोलिने विकत आणावी. आपले संगीत वेगळे, आपली वाद्ये वेगळी. आपल्याकडे लेझीम आहे, भजनी मंडळे आहेत, सनई-चौघडा आहे, बँड आहे. पण आपल्या नगरपालिकेच्या शाळांत संगीताचे शिक्षक किती आहेत, हे आपण एकदा मोजावे. जेथे जागा रिकामी असेल तेथे आपल्या गावातलाच एखादा वादक आठवड्यातले दोन दिवस पगारावर का नेमू नये? लग्नसराई नसते त्या आठ महिन्यांत तो माणूस बाजारात पोती उचलतो.

त्या क्लॅरिनेटवाल्या गृहस्थांना आम्ही पुढे उत्तर दिले. म्हटले, तुम्ही कामगारही आहात आणि कलावंतही. यांतले एक कबूल केले म्हणून दुसऱ्याचा हक्क जात नाही. ते ऐकून घेत राहिले आणि म्हणाले, "ते झाले साहेब; पण माझी कला मी कोणाला देऊ? मुलगा शिकत नाही." त्या प्रश्नाचे उत्तर युनियनच्या कचेरीत नाही. ते या सभागृहात बसलेल्या मंडळींपाशी आहे, म्हणून आम्ही आज तो येथे घेऊन आलो.